रेषेतले गाव आणि शब्दांतले गाव : चित्रकार-कथाकार ब्रूनो शुल्ट्स

कार्पाथियन पर्वताच्या पायथ्याशी असलेले द्रोहोबिच हे गाव मोठ्या शहरांत कधीच मोडले नाही. १८९२ साली ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातील गालिसिया प्रांतात होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या उलथापालथीत ते पोलंडकडे आले, १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्याच्या आणि १९४१ मध्ये जर्मन सैन्याच्या ताब्यात गेले. आज ते युक्रेनच्या ल्विव प्रांतात आहे. अर्ध्या शतकाच्या अवधीत या गावावरचे ध्वज चार वेळा बदलले. पोलिश, युक्रेनी, यिडिश आणि जर्मन अशा चार भाषा त्याच्या बाजारात एकाच वेळी ऐकू येत. या गावात १२ जुलै १८९२ रोजी ब्रूनो शुल्ट्सचा जन्म झाला, त्याच गावात तो बहुतेक सारे आयुष्य राहिला आणि १९ नोव्हेंबर १९४२ रोजी त्याच गावाच्या रस्त्यावर त्याची हत्या झाली. त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले कथासंग्रह केवळ दोन. चित्रे मात्र त्याने आयुष्यभर काढली. आज त्यांपैकी काही शेकडाच उरली आहेत.

शुल्ट्सची ओळख सामान्यतः कथाकार म्हणून करून दिली जाते आणि त्याच्या चित्रांचा उल्लेख पूरक माहितीसारखा शेवटी येतो. चरित्राचा क्रम पाहिला तर हे उलटे आहे. वयाच्या चाळिशीपर्यंत तो आपल्या परिचितांना चित्रकार आणि चित्रकला-शिक्षक म्हणूनच माहीत होता. गद्य नंतर आले. ज्याच्या हातात रेषा होती, त्या माणसाला आपले गाव सांगण्यासाठी शब्दांकडे का वळावे लागले, हा त्याच्या चरित्रातील कळीचा प्रश्न आहे.

शुल्ट्सचे वडील याकुब हे कापडाचे व्यापारी. गावच्या मुख्य चौकातील घरात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना होती. आईचे नाव हेन्रिएट्टा. तीन भावंडांत ब्रूनो धाकटा. कुटुंब ज्यू असले तरी घरची भाषा पोलिश होती. मुलाची प्रकृती नाजूक, स्वभाव भित्रा. चित्रे काढण्याची ओढ मात्र अगदी लहानपणापासूनची, लिहिता येऊ लागण्याच्याही आधीची. घोडागाडी हा त्याच्या बालपणीच्या चित्रांचा ठरलेला विषय होता. ही गाडी त्याच्या आयुष्यात पुढे एका भीषण प्रसंगी परत यायची होती.

याच काळात गावाचे रूप बदलत होते. द्रोहोबिचजवळच्या बोरिस्वावच्या परिसरात खनिज तेल सापडले होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे यूरोपातील एक महत्त्वाचे तेलक्षेत्र उभे राहिले. विहिरी, शुद्धीकरणाचे कारखाने, दलाल, रातोरात श्रीमंत झालेले कंत्राटदार आणि तेवढ्याच वेगाने बुडालेले सट्टेबाज यांनी जुन्या पेठेचे अर्थकारण उलटेपालटे केले. ओळखीच्या गिऱ्हाइकावर चालणारे याकुब शुल्ट्सचे दुकान या नव्या व्यवहारात टिकणारे नव्हते. त्यात त्यांची प्रकृती ढासळली. १९१० च्या सुमारास दुकान बंद झाले आणि कुटुंब ब्रूनोच्या विवाहित बहिणीच्या घरी राहावयास गेले. १९१५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, वडिलांचे निधन झाले. दुकान, घर आणि वडील असा क्रमाने झालेला हा लोप शुल्ट्सच्या साऱ्या कथालेखनाच्या मुळाशी आहे.

शाळेत शुल्ट्स हुशार विद्यार्थी होता. १९१० मध्ये तो ल्वूवच्या तंत्रविद्यालयात वास्तुकलेच्या अभ्यासासाठी दाखल झाला. आजारपणाने हा अभ्यास खंडित झाला, पुढे युद्धाने पुन्हा खंडित झाला, आणि पदवी राहूनच गेली. युद्धकाळात काही दिवस व्हिएन्नामध्ये काढून तो गावी परतला. चित्रकलेचे त्याने बहुतांशी स्वतःच स्वतःला शिक्षण दिले. गोया त्याला जवळचा होता, हे त्याच्या रेषेवरून सहज ओळखता येते.

१९२० ते १९२२ या वर्षांत त्याने ज्या चित्रमालिकेवर काम केले, तिचे नाव ‘मूर्तिपूजेचा ग्रंथ’ असे मराठीत देता येईल. तिचे तंत्र वेगळे आहे. काचेच्या तुकड्यावर काळा थर द्यायचा, तो सुईने कोरून चित्र काढायचे आणि ती काच छायाचित्राच्या कागदावर ठेवून प्रकाशाने छापा घ्यायचा. या पद्धतीत प्रत्येक रेषा काळा थर खरवडूनच मिळवावी लागते, आणि मालिकेच्या आशयालाही ते साजेसे आहे. तिच्यात उंच, उदासीन, उंची पादत्राणे घातलेल्या स्त्रिया आहेत आणि त्यांच्या पायांशी लोळण घेणारे, मोठ्या डोक्यांचे, खुजे पुरुष आहेत. या पुरुषांपैकी अनेकांचे चेहरे ओळखीचे आहेत. त्यांत चित्रकाराचा स्वतःचा चेहरा वारंवार येतो, गावातील परिचितांचेही येतात. पाठीमागे द्रोहोबिचची घरे, कमानी आणि गल्ल्या आहेत. गाव आहे, पण ते पार्श्वभूमी म्हणून. जणू रात्रीच्या नाटकासाठी उभा केलेला पडदा.

या चित्रांनी त्याला थोडी ख्याती आणि बराच संकोच मिळवून दिला. वॉर्सा आणि ल्वूव येथील प्रदर्शनांत ती मांडली गेली. १९२८ मध्ये जवळच्या त्रुस्काव्येत्स या आरोग्यधामात भरलेल्या प्रदर्शनात एका वयोवृद्ध सिनेटरने अश्लीलतेचा आक्षेप घेऊन प्रदर्शन बंद करण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. शाळेत नोकरी करणाऱ्या भिडस्त माणसाला हा प्रसंग किती जड गेला असेल, याची कल्पना करता येते.

ही नोकरी १९२४ पासून सुरू झाली होती. ज्या शाळेत शुल्ट्स शिकला त्याच शाळेत तो चित्रकला आणि हस्तव्यवसाय हे विषय शिकवू लागला आणि १९४१ पर्यंत शिकवीत राहिला. आई, विधवा बहीण आणि तिची मुले यांचा भार त्याच्यावर होता, त्यामुळे नोकरी सोडण्याचा विचार करणेही शक्य नव्हते. मुलांच्या गोंगाटाचा आणि सुतारकामाच्या तासांचा त्याला मनस्वी कंटाळा होता; पत्रांतून ही तक्रार तो सतत करी. तरीही त्याच्या विद्यार्थ्यांनी पुढे आठवणीने सांगितलेली गोष्ट वेगळीच आहे. वर्ग आवरेनासा झाला की शुल्ट्स गोष्ट सांगू लागे. सांगता सांगता फळ्यावर खडूने चित्रे काढी, आणि दांडगी मुलेही घंटा होईपर्यंत निमूट बसून राहत. या गोष्टी त्याने लिहून ठेवल्या नाहीत. चित्रे तर तास संपताच पुसली जात. परंतु चित्र आणि कथन यांचा त्याच्या हातून पूर्ण मेळ कोठे पडला असेल, तर तो बहुधा या फळ्यावर.

त्याचे लेखन नेमके केव्हा सुरू झाले, याविषयीची समजूत अलीकडे बदलावी लागली आहे. पूर्वी असे मानले जाई की १९३० च्या आसपास, कवयित्री आणि तत्त्वज्ञानाची अभ्यासक डेबोरा फोगेल हिला लिहिलेल्या पत्रांच्या ताजा कलमांतून त्याच्या कथा जन्मल्या. गावातील एखाद्या विक्षिप्त व्यक्तीविषयी किंवा वडिलांच्या आठवणीविषयी तो पत्राच्या शेवटी लिहू लागे. ही टिपणे पत्रापेक्षा मोठी होत गेली आणि फोगेलने त्याला ती पुढे नेण्यास सांगितले. हे खरेच आहे. मात्र तेलउद्योगातील कर्मचाऱ्यांसाठी निघणाऱ्या एका पोलिश नियतकालिकाच्या १९२२ च्या अंकात टोपणनावाने छापलेली ‘उन्दुला’ ही कथा ल्विवच्या अभिलेखागारात अलीकडच्या काळात सापडली, आणि ती शुल्ट्सची असावी याविषयी अभ्यासकांत बरेच एकमत झाले आहे. उन्दुला हे नाव ‘मूर्तिपूजेचा ग्रंथ’मधील चित्रांच्या शीर्षकांतही येते. म्हणजे लेखणी आणि सुई त्याने एकाच सुमारास हाती घेतल्या होत्या. दोन्हींचा विषयही एकच होता. त्या पहिल्या कथेत वडील नाहीत, दुकान नाही, गावही जवळजवळ नाही. तिच्यानंतरच्या सुमारे दशकभराच्या मौनात शुल्ट्सच्या गद्याने आपला विषय बदलला. चित्रांनी तो फारसा बदलला नाही. या फरकाकडे अभ्यासकांनी जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले नाही.

१९३३ च्या वसंतात शुल्ट्स हस्तलिखित घेऊन वॉर्साला गेला आणि एका शिल्पकार स्त्रीच्या मध्यस्थीने ते कादंबरीकार झोफिया नाउकोव्स्का हिच्यापर्यंत पोहोचले. तिच्या शिफारशीवरून त्याच वर्षाच्या अखेरीस ‘दालचिनीची दुकाने’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर वर्ष १९३४ होते. (इंग्रजीत तो १९६३ मध्ये ‘मगरींचा रस्ता’ या दुसऱ्याच कथेच्या नावाने गेला, आणि बहुतेक भारतीय वाचकांना तो त्याच नावाने माहीत आहे.) संग्रहातील कथांना घटनांची साखळी नाही. एक मुलगा, त्याचे कापडदुकानदार वडील, आई, मोलकरीण अडेला आणि नाव नसलेले एक गाव, एवढीच सामग्री. वडील पोटमाळ्यावर परदेशी पक्ष्यांची अंडी उबवितात आणि अडेला केरसुणी घेऊन सारे पक्षी हुसकून लावते. ते शिंप्यांच्या पुतळ्यांवर व्याख्याने देतात, आणि आपल्या शिवणकाम करणाऱ्या श्रोत्यांसमोर पराभूत होतात. हंगामाच्या रात्री कापडाचे तागे उलगडत जाऊन दुकानाचे रूपांतर डोंगरदऱ्यांच्या प्रदेशात होते.

या गद्याचा पहिला प्रत्यय रंगाचा आहे. ऑगस्टच्या उन्हात बाजारातून आणलेली फळे आणि भाज्या, कापडाच्या घड्यांमधून सांडणारे निळे, तांबडे, पिवळे पट्टे, संध्याकाळचे आकाश, पक्ष्यांची पिसे : रंगांची एवढी उधळण विसाव्या शतकाच्या गद्यात क्वचितच आढळेल. आणि हे गद्य लिहिणाऱ्या चित्रकाराच्या उपलब्ध चित्रांत रंग जवळजवळ नाही. पेन्सिल, शाई, कोरलेली काच हीच त्याची साधने. १९२० सालचे, गल्लीत दोन स्त्रियांपुढे झुकलेल्या एका ज्यू तरुणाचे तैलचित्र हे त्याच्या ज्ञात तैलचित्रांपैकी उरलेले एकमेव मानले जाते. त्याचे बरेचसे काम नष्ट झाले असल्याने रंगीत चित्रेही नष्ट झाली असण्याची शक्यता अर्थात लक्षात घ्यावी लागते. तरीही उरलेल्या साहित्याचा कल इतका स्पष्ट आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

याचे उत्तर ‘मगरींचा रस्ता’ या कथेतच शोधावे लागते. तिच्यात वडिलांच्या टेबलाच्या खणात शहराचा एक जुना, देखणा नकाशा आहे. त्यात बारीकसारीक तपशील कोरलेले आहेत. फक्त तेलाच्या पैशाने उभा राहिलेला नवा व्यापारी भाग त्यात कोरा सोडला आहे, अज्ञात ध्रुवप्रदेश दाखवतात तसा. त्या भागाचे वर्णन करताना निवेदकाच्या भाषेतून रंग काढून घेतल्यासारखा होतो. सारे करडे, कागदी, स्वस्त छापील पत्रिकेसारखे. तिथल्या दुकानात कापड दाखवता दाखवता विक्रेता दुसऱ्याच, चोरट्या व्यवहाराकडे वळतो. आणि तिथल्या स्त्रिया, तिथले लाळघोटे पुरुष हे थेट शुल्ट्सच्या चित्रांतून उतरलेले आहेत. म्हणजे त्याच्या मनात गावे दोन होती. एक वडिलांचे, दुकानाचे, रंगीत. ते नाहीसे झाले होते, त्यामुळे समोर ठेवून रेखाटता येण्यासारखे नव्हते. दुसरे तेलानंतरचे, वासनेचे आणि पैशाचे, काळेपांढरे. ते रोज डोळ्यांसमोर होते. दुसऱ्याला रेषा पुरली, पहिल्यासाठी गद्य लागले. मराठी समीक्षेत ज्याला प्रादेशिकता म्हणतात, तिच्याशी या लेखनाचे नाते म्हणूनच तिरके आहे. पेंडशांच्या कादंबरीत गारंबी गावाला नाव आणि स्थान आहे. शुल्ट्सच्या गावाला नाव नाही, कारण लिहिले जाण्याच्या वेळी ते कोणत्याच नकाशावर उरले नव्हते.

दुसरा संग्रह १९३७ मध्ये आला. त्याच्या शीर्षककथेत मुलगा एका आरोग्यधामात जातो. तेथे काळ मागे ढकललेला असल्याने गावी मृत असलेले वडील अद्याप जिवंत आहेत, आणि त्यांनी तेथेही एक छोटे कापडदुकान थाटले आहे. या संग्रहासाठी शुल्ट्सने स्वतःच चित्रे काढली, आणि येथे प्रथमच वृद्ध, दाढीवाले वडील त्याच्या छापील रेषेत स्पष्टपणे अवतरले. त्याच सुमारास विटोल्ड गोम्ब्रोविचच्या ‘फेर्डिडुर्के’ या कादंबरीची चित्रेही त्याने काढली. १९३८ मध्ये पोलिश साहित्य अकादमीने त्याला सुवर्ण-लॉरेल हा सन्मान दिला.

बाहेरून पाहता हा उत्कर्षाचा काळ होता. खाजगी आयुष्यात मात्र गाव आणि बाहेरचे जग यांतील ओढाताण तीव्र झाली होती. युझेफिना शेलिन्स्का या शिक्षिकेशी १९३५ मध्ये त्याचा वाङ्‌निश्चय झाला. काफ्काच्या ‘खटला’ या कादंबरीचे १९३६ मध्ये शुल्ट्सच्या नावावर प्रसिद्ध झालेले पोलिश भाषांतर प्रत्यक्षात तिने केले होते, हे नमूद केले पाहिजे. दीर्घकाळ तिचे हे श्रेय तिला मिळाले नाही. ती कॅथलिक असल्याने विवाहाची कायदेशीर सोय व्हावी म्हणून शुल्ट्सने ज्यू समाजाच्या नोंदीतून आपले नाव काढून घेतले. तिला वॉर्सात राहायचे होते. त्याला द्रोहोबिच सोडवले नाही. १९३७ मध्ये हा संबंध संपला. १९३८ च्या उन्हाळ्यात आपली चित्रे घेऊन तो तीन आठवडे पॅरिसला जाऊन आला. तेथे कोणी त्याची विशेष दखल घेतली नाही. या वर्षांत तो ‘मसीहा’ नावाच्या कादंबरीवर काम करीत होता. ती आजवर कोणाला मिळालेली नाही. फिरून फिरून येणाऱ्या शोधवार्ता तेवढ्या मिळत राहिल्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत सैन्य आले. शाळा चालू राहिली, प्रकाशन थांबले. सार्वजनिक समारंभांसाठी स्तालिनची भव्य चित्रे रंगविण्याचे काम त्याच्याकडे आले. १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन आले. ज्यूंकडून सक्तीने काम करून घेण्याची व्यवस्था पाहणाऱ्या फेलिक्स लांडाऊ या गेस्टापो अधिकाऱ्याला चित्रकलेचे वेड होते. त्याने शुल्ट्सला आपल्या आश्रयाखाली घेतले. त्या आश्रयाचा अर्थ थोडे अन्न आणि जिवाची तात्पुरती हमी. बदल्यात चित्रे. लुटलेल्या ग्रंथसंग्रहांची सूची करण्याचे कामही शुल्ट्सकडे होते.

१९४२ मध्ये लांडाऊच्या आदेशावरून शुल्ट्सने त्याच्या बंगल्यातील लहान मुलाच्या खोलीच्या भिंतींवर परीकथांतील प्रसंग रंगविले. राजकन्या, बुटके, घोडे, घोडागाडी. हे काम रंगांत होते. त्यांतील माणसांचे चेहरे परीकथेचे नाहीत. गाडी हाकणाऱ्या कोचमनच्या चेहऱ्यात शुल्ट्सचे स्वतःचे रूप स्पष्ट ओळखता येते. द्रोहोबिचच्या ज्यूंना घोडागाडीत बसण्याचीही मुभा नसताना त्याने स्वतःला लगाम हाती घेतलेला दाखविले. अन्य आकृत्यांतही ओळखीच्या माणसांची रूपे त्याने घातली असावीत, असे अभ्यासक मानतात; त्याची जुनी सवय पाहता ते संभवनीय वाटते. आयुष्यभर गद्यासाठी राखून ठेवलेले रंग आणि लहानपणापासूनची गाडी या दोन गोष्टी अशा रीतीने एका मारेकऱ्याच्या घरात एकत्र आल्या. त्या चित्रांपुढे केवळ कलेचे निकष घेऊन उभे राहता येत नाही, आणि ते निकष अजिबात बाजूला ठेवणे हाही चित्रकारावर अन्यायच ठरेल.

वॉर्सातील मित्रांनी त्याच्यासाठी खोटी ओळखपत्रे आणि पैसे यांची सोय केली होती. आपली चित्रे आणि हस्तलिखिते त्याने घेट्टोबाहेरच्या परिचितांकडे सोपविली होती. निघण्याचे ठरत होते आणि लांबत होते. गुरुवार, १९ नोव्हेंबर १९४२ रोजी गेस्टापोने रस्त्यांवर दिसेल त्या ज्यूला गोळ्या घातल्या. त्या एका दिवसात दोनशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत शुल्ट्स होता. कार्ल गुंटर या अधिकाऱ्याने त्याला मारले, आणि लांडाऊने आपल्या आश्रयातील ज्यू दंतवैद्याला मारल्याचा हा सूड होता, असे हयात साक्षीदारांच्या आधारे सांगितले जाते. त्याचे दफन कोठे झाले, याची खूण उरलेली नाही.

त्याचे चरित्र जुळवले ते येझी फिट्सोव्स्की या कवीने. तरुणपणी ‘दालचिनीची दुकाने’ वाचून भारावलेल्या फिट्सोव्स्कीने १९४२ मध्ये शुल्ट्सला पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही. युद्धानंतर त्याने विखुरलेली पत्रे, चित्रे आणि आठवणी गोळा करण्यात अनेक दशके घालविली आणि १९६७ मध्ये चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला. शुल्ट्सविषयी आज जे निश्चितपणे सांगता येते त्याचा मोठा भाग या एका माणसाच्या चिकाटीमुळे उपलब्ध आहे. सोपविलेली हस्तलिखिते मात्र त्यालाही सापडली नाहीत.

बंगल्यातील भित्तिचित्रांचा पत्ता फेब्रुवारी २००१ मध्ये लागला. बेंजामिन गाइस्लर या जर्मन माहितीपटकाराच्या पथकाला, त्या वास्तूतील एका वृद्ध दांपत्याच्या बिऱ्हाडात, कोठीच्या खोलीच्या भिंतीवर, नंतरच्या रंगाच्या थरांखाली ती आढळली. मे महिन्यात जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेच्या माणसांनी पाच तुकडे भिंतीवरून सोडवून इस्रायलला नेले. यावरून मोठा वाद उसळला. शुल्ट्स ज्यू म्हणून मारला गेला, त्यामुळे त्याची स्मृती जपण्याचा नैतिक अधिकार आपला, ही एक भूमिका. तो पोलिश भाषेचा लेखक, ही दुसरी. चित्रे युक्रेनच्या भूमीवरील वारसा आहेत, ही तिसरी. गावाशिवाय कोठेही मन न रमलेल्या चित्रकाराचे गाव नेमके कोणाचे, असा तो वाद होता. २००८ मध्ये झालेल्या करारानुसार पाच तुकड्यांची मालकी युक्रेनकडे राहिली आणि ते जेरुसलेमला दीर्घ मुदतीच्या उसनवारीवर ठेवण्यात आले. भिंतीवर मागे राहिलेले उरलेसुरले तुकडे द्रोहोबिचच्या संग्रहालयात नेण्यात आले.